अमृतवाणी, मुक्काम मूर्तिजापूर

४ सप्टेंबर, बुधवार

आजपासून मूर्तिजापूरच्या निवासी कर्णबधिर विद्यालयात सांस्कृतिक शिक्षक म्हणून रुजू. संस्थेचे सचिव महादेवराव हे माझ्या बायकोचे, साधनाचे, सख्खे मामा आहेत, पण निवड पूर्णपणे गुणवत्तेवर.

अमरावतीतली लग्नं, सत्कार, शोकसभा, ट्रॅक्टरच्या शोरूमची उद्घाटनं, सगळं या दिवाकर काळबांडेच्या आवाजाने पेललं. हल्ली लोक नागपूरहून पोरसवदा अँकर आणतात. तो येतो आणि ओरडतो, आवाज द्या अमरावती. अरे, आवाज लोकांनीच द्यायचा तर तुला कशाला बोलावलं?

साधनाने विचारलं, जन्मभर बोलून पोट भरणारा माणूस ऐकू न येणाऱ्या पोरांना काय शिकवणार. बायको चांगली आहे, पण व्हिजन नाही.

संकल्प : सव्वीस जानेवारीपर्यंत शाळेतला प्रत्येक मुलगा वक्ता. मुलीसुद्धा.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पहिलंच भाषण. संपल्यावर सगळ्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. मला वाटलं, सगळ्यांना एकदम शंका आहेत. म्हणालो, एकेकाने विचारा. मुख्याध्यापिका नईमा मॅडमनी कानात सांगितलं की या टाळ्या आहेत. आनंद होऊन आणखी थोडं बोललो. मुलांनी मध्येच पुन्हा हात हलवले. मॅडम म्हणाल्या, आता पुरे असं म्हणताहेत. मॅडम अकोल्याच्या. खुणांच्या भाषेत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही म्हणतात. बोलायला मात्र रोखठोक. त्यांनी सुचवलं, की पहिला महिनाभर वर्गात नुसतं बसा आणि मुलांकडून खुणा शिकून घ्या.

हसलो फक्त. पोहणाऱ्याने विहिरीकडून पोहणं शिकायचं म्हणजे काय?

९ सप्टेंबर, सोमवार

बडनेऱ्याहून गाडी उशिरा. तरी वर्गात उत्साह कायम. एक हृद्य गोष्ट लक्षात आली. मी वर्गात पाऊल टाकलं की ज्यांच्या कानाला मशीन आहे ती मुलं मशीन काढून खिशात ठेवतात. देवळात शिरताना चप्पल काढतो तसं. हा संस्कार त्यांना कोणी शिकवला असेल?

आठवीतला जिब्रान पहिल्या बाकावर बसतो. मी बोलायला लागलो की तो वही तोंडासमोर आडवी धरतो. लाजाळू आहे.

२० सप्टेंबर

यश दिसायला लागलं.

मुलांना 'स्वच्छतेचे महत्त्व' हा उतारा रोज खणखणीत आवाजात तीनदा म्हणून दाखवतो. ओठांकडे बघून शिकतील, ही माझी पद्धत. आज दुपारी शाळेला लागून असलेल्या दाल मिलवरून जात होतो. पोती उतरवणारे दोन हमाल तालात म्हणत होते, 'स्वच्छता ही व्यक्तीची नव्हे, राष्ट्राची ओळख आहे.' पूर्ण उतारा पाठ. उच्चार स्वच्छ. ळ सुद्धा.

म्हणजे पद्धत बरोबर आहे. विद्यार्थी थोडे शेजारी निघाले, एवढंच.

दाल मिलच्या मालकाची आवाजाबद्दल तक्रार आली आहे म्हणे. कलेला विरोध ठरलेलाच.

२३ सप्टेंबर

आज सांकेतिक भाषा दिन. मोठा सन्मान. या मुलांत प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देतात. मागून मिळत नाही, मुलांना सुचावं लागतं. दहावीतल्या आरतीने माझं ठरवलं. हुशार मुलगी, नांदगाव खंडेश्वरकडची. तिने बोटं ओठांजवळ नेली आणि थरथरवत समोर पसरली. पाण्याचे तुषार उडावेत तशी. सगळ्या वर्गाने हात हलवून मंजुरी दिली.

मी लगेच ओळखलं : अमृतवाणी.

नईमा मॅडमना अर्थ विचारला तर त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, तसंच काहीतरी. हेवा वाटणं स्वाभाविक आहे.

घरी साधनाला करून दाखवलं. तिने मला रुमाल दिला.

७ ऑक्टोबर

खुणा शिकण्याबद्दल मॅडम पुन्हा बोलल्या. घसा बसल्याचं सांगितलं. खुणांना घसा लागत नाही, असं त्या म्हणाल्या. उत्तर तयार होतं पण घसा बसला होता.

संकल्प : दिवाळीच्या सुट्टीत रोज थोड्या खुणा. पुस्तक आणलं.

५ नोव्हेंबर

पुस्तक फराळाच्या डब्याखाली राहिलं. तेलाचे डाग पडले. डाग पडलेल्या पुस्तकातून शिकू नये, एकाग्रता होत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आयुष्याला वळण देणारी संधी. तीन डिसेंबरला, म्हणजे दिव्यांग दिनाला, अकोल्यात अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कर्णबधिर शाळांची वक्तृत्व स्पर्धा. मूल मंचावर खुणांनी भाषण करणार. ज्यांना खुणा कळत नाहीत त्या पाहुण्यांसाठी शाळेचा शिक्षक बाजूला उभा राहून तेच माईकवरून बोलणार. आपल्याकडून आरती. तिचा आवाज खरं तर मॅडमच होणार होत्या, पण आयोजकांनी त्यांना दिवसभर मंचावरच्या पाहुण्यांसोबत दुभाषा म्हणून मागून घेतलं. महादेवरावांनी माझं नाव सुचवलं. मॅडमनी हरकत घेतली, की यांना खुणा येत नाहीत. मी शांतपणे समजावलं : भाषण मीच लिहिणार, मला ते पाठ असणार, मग तिच्या हातांकडे बघायची गरजच काय? तिने फक्त तेवढा वेळ हात हलवावेत. मामा म्हणाले, वा. आधी आरतीचा होकार घ्या, एवढंच मॅडम म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर

भाषण लिहून झालं. 'मी एक पणती'. साधनाला वाचून दाखवलं. कुकरच्या शिट्ट्या होऊनही तिने उठायचं नाव घेतलं नाही, इतकी गुंतली. नंतर कळलं, झोप लागली होती. शांत करणारी शैली हीसुद्धा एक शैलीच.

१५ नोव्हेंबर

भाषण आरतीला वाचायला दिलं. एकदा वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीकडे गेली. मग घडी घालून परत दिलं आणि अंगठा वर केला. एका वाचनात पाठ! नंतर वसतिगृहाच्या ओट्यावर सगळ्या मुली तिच्याभोवती गोळा होऊन सराव बघत होत्या. मी जवळ गेलो की थांबायच्या. कलावंताला तालमीत अडथळा नको, म्हणून मीही लांब राहिलो.

३ डिसेंबर, मंगळवार. अकोल्याहून परतताना, गाडीत

गाडी फार हलतेय. अक्षर वाईट येईल.

सभागृह खचाखच. डावीकडे अधिकारी, पाहुणे, पालक. उजवीकडे कर्णबधिर शाळांची मुलं, त्यांचे शिक्षक आणि बरीच मोठी कर्णबधिर माणसं. आरती मधोमध, मी कडेला माईकवर. मी सुरुवात केली, 'मी एक पणती, वादळाशी झुंजणारी.' तिचे हात सुरू झाले. पहिल्याच वाक्याला तिने माझं नाव घेतलं : अमृतवाणी! गुरूला वंदन, माझ्या संहितेत नसलेलं. लगेच तिने छत्री उघडल्याचा अभिनय केला. वादळाशी किती समर्पक.

आणि उजवी बाजू कोसळली.

माझ्या आवाजाने शोकसभेत माणसं रडलेली आहेत, पण असं नाही. 'अंधार माझा सखा झाला' या ओळीला लोक पोट धरून पुढे वाकले. 'आईच्या अंगाईला मी मुकले' म्हटलं तेव्हा एक मुलगा खुर्चीवरून खाली पडला. गदगदून. डावीकडच्यांना आधी कळेना, मग तिकडेही बायकांनी डोळे पुसले. मंचावर नईमा मॅडमनी रुमालात तोंड लपवलं होतं, त्यांचे खांदे हलत होते. कठोर बाईला पाझर फुटला.

आरतीचं माझ्याआधी संपलं. माझे शेवटचे दोन परिच्छेद राहिले होते. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग मनगटावर नसलेलं घड्याळ बघितलं. मग जमिनीवर मांडी घालून बसली आणि हाताची उशी केली. आपलं बोलून झाल्यावरही गुरूच्या चरणी बसून ऐकणारी शिष्या! उजवीकडे आता काही जणांना श्वास घेता येत नव्हता.

पहिलं बक्षीस. परीक्षकांपैकी एक स्वतः कर्णबधिर शिक्षक, उमदा माणूस. त्यांनी आरतीला जवळ घेतलं. माझा हात हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग रुमालाने स्वतःचा चेहरा कोरडा केला.

आरतीचे वडील पुंजाराम आले होते. काळ्या रानातला साधा माणूस, धोतर-टोपी. डावीकडे बसले होते. त्यांनी वाकून मला नमस्कार केला. म्हणाले, पोरगी सोळा वर्षांची झाली पण तिच्या मनात काय चालतं ते कधी समजलं नव्हतं, आज तुमच्या तोंडून समजलं. मी म्हणालो, माध्यम आहे मी फक्त.

४ डिसेंबर

शाळेत मुलं मला बघून सारखी मांडी घालून बसतात. नवीन अभिवादन दिसतं. मीही बसतो.

संकल्प : मुंबईला राज्य पातळी. तिथून दिल्ली.

९ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहिणं कर्तव्य आहे. लिहितो.

नईमा मॅडम कामासाठी अमरावतीला. अकरा वाजता पुंजाराम आले. त्यांच्या साडूची मुलगी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत आहे. तिथे आरतीसाठी जागा झाली आहे, पुढच्या आठवड्यात लागायचं, राहायची सोय त्या मावसबहिणीजवळ. दहावीची परीक्षा काय, झाली तर झाली. पण माणूस घोळत उभा राहिला. ऑफिसात खुर्चीवर बसेना. मग म्हणाला,

"तिले इचारा गुरुजी, तिची काय मर्जी हाय. जबरदस्ती नाई करत मी. मले तिचं समजत नाई, तुमाले समजते."

मी खाकरलो. तेव्हाच सांगायला हवं होतं, असं आता सगळेच म्हणतील. पण अकोल्यात ज्याला त्याने नमस्कार केला तो माणूस मीच होतो ना?

वसतिगृहाच्या अंगणात आरतीला बोलावलं. मी दोन्ही हातांनी घर दाखवलं. मग बस. मग शिवणयंत्र, पाय हलवून. तिने कपाळाला आठ्या घातल्या. वडिलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग तिचे हात सुटले. बरंच बोलली. शाळेकडे बोट, छातीवर मूठ, वडिलांकडे बोट, मान जोरात हलवली. पुंजाराम माझ्या तोंडाकडे बघत होते, पिकाला पाणी द्यायच्या वेळी माणूस मोटारीकडे बघतो तसे.

मी म्हणालो, ती म्हणते, बाबांची आज्ञा शिरसावंद्य.

माणसाचा चेहरा उतरला की उजळला, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं बहुतेक. हळू आवाजात म्हणाले, तिले जाचंच हाय तं ठीक. आणि आत जाऊन तिची पेटी भरायला लागले.

आरती धावत आली आणि पेटीवर बसली. पुंजाराम म्हणाले, आता काय म्हणते. मी म्हणालो, पेटीचं झाकण लागत नाहीये, दाबून धरते आहे.

तिने पेटीतून कपडे काढून फेकायला सुरुवात केली. मी म्हणालो, घड्या नीट घालू म्हणते.

फळ्यावर लिहून विचारता आलं असतं, हे नंतर सुचलं. पण वक्त्याने खडू हातात घेतला की तो हरलेला असतो. शिवाय अंगणात फळा नव्हता.

मग आरतीने अधीक्षिका मनकर्णाबाईंच्या हातातला फोन ओढून घेतला आणि नईमा मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला आणि समोर उभी राहून बोलली. इतक्या वेगाने, की अंगणातल्या बाकीच्या मुली जागच्या जागी थांबल्या. मॅडम बघत होत्या. मग त्यांनी मनकर्णाबाईंना स्पीकर लावायला सांगितला आणि म्हणाल्या,

"पुंजारामभाऊ, आरती म्हणून राहिली, मले शिकाचं हाय, मी जात नाई. आन् म्हणते, बाबानं आज पयल्यांदा मले काई इचारलं, आन् थेबी या सरांच्या तोंडानं."

पुंजाराम पेटीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी फेकलेले कपडे एकेक उचलले, घडी केली आणि मुलीच्या कपाटात परत ठेवले. चुकीच्या कप्प्यात ठेवले, तिने ते बरोबर लावले. मग ते फोनजवळ गेले आणि मॅडमना विचारलं, की हे हाताचं बोलणं शिकायला वय लागतं का.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, असं मला अजूनही वाटतं. म्हणजे आमच्या दोघांत.

१० डिसेंबर

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी अकोल्याचा व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि आरती काय बोलत होती ते मला सांगत गेल्या.

आमच्या शाळेत एक सर आलेत. नाव तुषार सिंचन. पहिल्या बाकावर बसायचं तर छत्री लागते. सर खूप बोलतात, आम्ही मशीन काढून ठेवतो, म्हणजे शांतता मिळते. सरांचं सगळं दाल मिलच्या हमालांना कळतं, ते बहुतेक या वर्षी दहावी पास होतील. आत्तासुद्धा सर बाजूला काहीतरी बोलताहेत. काय बोलताहेत मला माहीत नाही. मी काय बोलते त्यांना माहीत नाही. आमची चांगली जोडी आहे.

आणि मग, मॅडम म्हणाल्या, हे नीट ऐका. ती पुढे म्हणाली : पण सर रोज येतात. गाडी चुकली तरी येतात. मोठी माणसं आमच्याशी बोलायचं सोडून देतात, हे सोडत नाहीत. यांना कोणीतरी आमची भाषा शिकवा.

मी म्हणालो, संहितेबाहेर गेली ती. मॅडमनी मान हलवली. चहा मागवला.

साधनाला सांगितलं नाही. तिच्याकडे व्हिडिओ आधीच आला होता. खाली अक्षरं टाकलेला. ती नोकरी करते त्या पोस्टात सगळ्यांनी बघितला म्हणे.

११ डिसेंबर

राजीनामा लिहिला. फार सुंदर उतरला. मॅडमना वाचून दाखवू लागलो, तर त्या म्हणाल्या, रविवारपासून पालकांसाठी खुणांचा वर्ग सुरू करतोय, पुंजारामभाऊंनी आणखी चार पालक गोळा केलेत, तुम्हीही बसा. शिकवणार कोण, विचारलं. आरती.

राजीनामा जपून ठेवला आहे. वाया घालवण्यासारखा नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला वर्ग. वर्गात बोलायला बंदी. मी दोनदा बोललो, दोनदा दाराबाहेर उभा राहिलो. बाहेर दाल मिलचे हमाल भेटले, त्यांच्याशी बोललो.

२२ डिसेंबर

पुंजाराम कापसाची वेचणी टाकून आले होते. बोटं भेगाळलेली, खुणा जाड आणि सावकाश. तरी आज वर्ग सुटताना त्यांनी मुलीला स्वतःहून काहीतरी विचारलं. आरतीने उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा विचारलं, तिने पुन्हा उत्तर दिलं. बराच वेळ दोघे नळाजवळ उभे होते.

मी जिब्रानला लिहून विचारलं, काय बोलताहेत. त्याने लिहिलं : जेवली का, भाजी कोणती होती.

एवढंच. एवढ्यासाठी मी उगाच तिथे थांबलो आणि माझी गाडी गेली. स्टेशनवर बराच वेळ काही सुचलं नाही. भाषणाची ओळसुद्धा.

२३ डिसेंबर

पुंजाराम पुढे जातात कारण त्यांना शेतकामामुळे हाताची सवय आहे. माझं कार्यक्षेत्र तोंड. तुलना अन्यायकारक.

संकल्प : रविवारपर्यंत एक अख्खं वाक्य. कोणाच्या मदतीशिवाय. आरतीला म्हणायचं, मला तुझा अभिमान वाटतो.

२७ डिसेंबर

आरशासमोर सराव. साधनाने विचारलं, छातीत दुखून राहिलं काय. काहून दुखणार? मन लावून करतोय.

२९ डिसेंबर, रविवार

आज बोललो.

वर्ग सुटल्यावर आरती फळा पुसत होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तोंड घट्ट मिटलं. हात छातीवर ठेवला, वर नेला. भावनेच्या भरात थोडा गळ्यापर्यंत गेला असेल. तिच्याकडे बोट केलं. चूक नाही, घाई नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य आवाजाशिवाय पूर्ण केलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. डस्टर ठेवलं. चेहऱ्यावर एकदम माया आली. मान हलवली आणि आतून माझ्यासाठी पाण्याचा ग्लास भरून आणला.

प्यालो. तशी तहान लागलीच होती.